सगळंच कशाला नोंदवायचं?

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझी शाळा पाचगणीची कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढाव्यात आणि तरीही राहिल्या तर तुम्ही पोटात घालाव्यात. इंग्रजी विभागात लिही असं सगळ्यांनी सुचवलं होतं. पण हा विषय ज्या भांडणातून निघाला ते भांडण मराठीत झालं होतं. बाबांशी, गाडीत, पसरणीच्या घाटात!

आम्ही वाईला राहतो. बाबा पाचगणीला शिकवतात. म्हणजे रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा, साधारण बारा किलोमीटर. गाडी काकांकडून घेतलेली, एमएच-१२ पासिंगची, २०१४ ची पेट्रोल. गेल्या पावसाळ्यानंतर तिने एक नवीन खोड काढली. तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मध्येच एक झटका. सेकंदभर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं आणि मग पुन्हा नीट. सपाटीवर काहीही नाही. मागे एस.टी. असताना वळणावर असं झालं की काय वाटतं ते घाटातल्या लोकांना सांगायला नको. आई तर त्या गाडीत बसायचीच बंद झाली.

गॅरेजवाल्यांनी आधी प्लग बदलले, मग कॉईल. मग थ्रॉटल बॉडी साफ केली. एकूण सहा हजार गेले आणि झटका जागच्या जागी. शेवटी “ईसीएम गेला असणार” असं निदान झालं. खर्च बावीस हजार. बाबा म्हणाले, त्यापेक्षा गाडीच काढून टाकू. (बाबांचा पगार आणि माझी फी एकाच महिन्यात भेटतात, हे इथे सांगून ठेवते.)

तेव्हा दिवाळीची सुट्टी होती आणि मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे याचा घरात जो काही आदर आहे तो वसूल करायची वेळ आली होती. मी म्हटलं, “बाबा, ईसीएम बदलायच्या आधी त्याला विचारू तरी!”

विचारायची सोय गाडीतच असते. भारतात १ एप्रिल २०१३ पासून बीएस-४ च्या चारचाकी गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी सोळा पिनांचं सॉकेट सापडतं. त्यात काडेपेटीएवढं ईएलएम ३२७ जातीचं ब्लूटूथ अडॅप्टर खोचायचं, मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं आणि इंजिनचे आकडे धडाधड यायला लागतात. आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, मॅनिफोल्डमधला दाब, ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज, इंधनाची दुरुस्ती, इग्निशन टायमिंग... प्रत्येक गोष्टीला एक ठरलेला क्रमांक आहे, त्याला पीआयडी म्हणतात. आरपीएम म्हणजे ०सी, वेग म्हणजे ०डी. आमच्या गाडीने अशा चोवीस गोष्टी सांगायची तयारी दाखवली. अ‍ॅपमध्ये “सगळे निवडा” असं बटन होतं. मी ते दाबलं. तुम्हीही दाबलं असतंत.

घाट चढलो, उतरलो. चाळीस मिनिटं. वर जाताना तीन झटके बसले, तिन्ही वेळा मी वहीत वेळ टिपली. घरी येऊन फाईल उघडली तर चोवीस कॉलम, दोन हजार चारशे ओळी. म्हणजे सत्तावन्न हजार सहाशे आकडे! मला केवढा अभिमान वाटला होता. हॉस्टेलच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला.

झटका त्यात नव्हता. एकही नाही.

तीन दिवस मी ती फाईल चाळली. ग्राफ काढले, रंग बदलले. बाबा रोज विचारायचे, “काय म्हणते गाडी?” आणि मी “अ‍ॅनालिसिस चालू आहे” असं सांगायचे. चौथ्या दिवशी ते चिडलेच. घाटातच. “इतके आकडे आहेत तुझ्याकडे आणि एक उत्तर नाही? मी डायरी लिहितो ती बरी!” बाबांची डायरी म्हणजे गाडीच्या कप्प्यातली जुनी वही. तारीख, किलोमीटर, लिटर. बस. मला फार राग आला होता, कारण ते बरोबर बोलत होते.

माझी रूममेट ई-अँड-टीसीची, सोलापूरची. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि तिने एकच विचारलं, “एका सेकंदाला किती उत्तरं येतात तुझ्या गाडीकडून?” मी बघितलंच नव्हतं. मोजलं तर पाच.

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे. आपल्याला वाटतं की चोवीस सेन्सर आहेत म्हणजे चोवीस नळ एकदम चालू आहेत. तसं नसतं. ते सॉकेट म्हणजे आपल्या मेसची खिडकी आहे. खिडकी एक, वाढणारा एक. अ‍ॅप विचारतं, “आरपीएम किती?” ईसीएम उत्तर देतो. मग “वेग किती?” त्याचं उत्तर. एका वेळी एकच ताट. आमची गाडी जुन्या के-लाईनवर बोलते. तिचा वेग सेकंदाला साधारण दहा हजार चारशे बिट, आणि प्रश्न-उत्तरांच्या मध्ये थांबणं सक्तीचं. त्यात अडॅप्टर स्वस्तातलं. म्हणून सेकंदाला पाच. आता रांगेत चोवीस जण उभे केले तर आरपीएमचा नंबर पुन्हा कधी लागेल? जवळजवळ पाच सेकंदांनी. आणि आमचा झटका होता जेमतेम दीड सेकंदाचा! तो बहुतेक वेळा दोन नोंदींच्या मधूनच निसटणार. सॅम्पलिंगचा हा धडा आपण चौथ्या सेमिस्टरला परीक्षेत लिहिलाय. मला त्यात चांगले मार्क होते, हे विशेष.

पुढची गोष्ट तर त्याहून वाईट. अ‍ॅप दर सेकंदाला एक ओळ लिहीत होतं. ज्या आकड्याचं नवीन उत्तर आलेलं नाही तिथे ते जुनाच आकडा पुन्हा छापत होतं. चाळीस मिनिटांत ईसीएमने दिलेली खरी उत्तरं झाली बारा हजार. उरलेले पंचेचाळीस हजार आकडे शिळे! एका ओळीत शेजारी बसलेले आरपीएम आणि दाब एकाच क्षणाचे असतील असं मी धरून चालले होते, ते चार सेकंद लांबचे असू शकत होते. चार सेकंदांत घाटात एक अख्खं वळण होतं. मी तीन दिवस त्यांचा एकमेकांशी संबंध लावत बसले होते.

आणि त्या चोवीसमध्ये काय काय होतं ते ऐका. एक कॉलम होता “गाडी कोणत्या ओबीडी नियमानुसार बनली आहे”. हे गाडीच्या जन्मापासून बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. तरी मी ते दर पाच सेकंदांनी विचारत होते. भरधाव माणसाला अडवून अडवून “तुझं नाव काय? तुझं नाव काय?” असं विचारावं तसं. कूलंटचं तापमान दर पाच सेकंदांनी. ते एकदा चढलं की घाट संपेपर्यंत पाच-सात अंश हलतं. अशा कॉलमांनी रांग अडवली होती आणि ज्याला खरंच घाई होती तो मागे उभा होता.

रूममेटचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. “तुला नक्की काय विचारायचंय?” मी म्हटलं, “झटका का बसतो.” ती म्हणाली, “हा प्रश्न गाडीला कळत नाही. तिला कळेल असा विचार.”

मग आम्ही फोनवर बसून तो प्रश्न फोडला. पेट्रोल इंजिनला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. झटक्याच्या क्षणी तिघांपैकी कोण गैरहजर असतं? हवा कमी पडत असेल तर मॅनिफोल्डमधला दाब खाली यायला हवा. पेट्रोल कमी पडत असेल तर दाब तसाच राहील, पण एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बोंब मारेल. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर मिश्रण श्रीमंत असतं, सेन्सर पॉइंट आठ-पॉइंट नऊ व्होल्ट दाखवतो. पेट्रोल आटलं की तो पॉइंट एकच्या आसपास कोसळतो. म्हणजे हवे होते फक्त तीन पीआयडी. आरपीएम, कारण झटका कुठे आहे हे त्यावरून कळेल. मॅनिफोल्डचा दाब. आणि पहिल्या ऑक्सिजन सेन्सरचा, क्रमांक १४. या १४ मध्ये एक बोनस आहे, त्याच्या उत्तरात व्होल्टेजबरोबर शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिमही येतो. एका ताटात दोन भाज्या!

वेग सोडला. वेग सोडताना मला खरंच वाईट वाटलं, गाडीच्या नोंदीत वेग नाही म्हणजे काय! पण तिसरा गिअर आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं. थ्रॉटलची स्थिती सोडली, बाबांचा पाय दिसत होता. सेन्सर नसलेला कॉलम म्हणजे माझी वही. तिच्यात गिअर, वळण आणि “आत्ता!” असं लिहिलेली वेळ. मोबाईल माझ्या हातात होता, गाडी बाबांच्या. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही हा नियम कृपया सगळ्यांनी पाळावा.

तीन पीआयडी म्हणजे प्रत्येकाचा नंबर साधारण पॉइंट सहा सेकंदांनी. पुन्हा घाट. यावेळी चार झटके आणि चारही सापडले. प्रत्येकात दोन-तीन बिंदू, जास्त नाहीत, पण चारही वेळा गोष्ट एकच. दाब सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला ठाम, सेन्सर पॉइंट आठवरून पॉइंट एकला, पाठोपाठ आरपीएम खाली. हवा हजर होती.

(मध्ये एक घोटाळा मी स्वतःच केला. वर जाता जाता पूर्ण थ्रॉटलवरचा दाबही हळूहळू कमी होत होता, तो पाहून मी “एअर फिल्टर! एअर फिल्टर!” असं ओरडले. बाबांनी शांतपणे विचारलं, “आपण वर चढतोय ना?” वाईपासून पाचगणी पाचशे मीटरहून जास्त उंच आहे. तेवढ्या उंचीला हवेचा दाब सहा किलोपास्कलच्या आसपास उतरतोच. भूगोल बाबांचा विषय आहे.)

आता हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की या तीन कॉलमांनी सगळं सिद्ध झालं नाही. ठिणगी चुकली तरी न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर तसंच रडतो. पण प्लग आणि कॉईल नवे होते. शिवाय एक जुना साक्षीदार होता. त्या पहिल्या, शिळ्या फाईलमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा कॉलम होता. ईसीएमने हिशोबाने ठरवलेल्या पेट्रोलपेक्षा किती जास्त किंवा कमी द्यावं लागतंय, त्याची ती सवय. ती सावकाश बदलते, पाच सेकंदांनी विचारली तरी चालतं. उघडून पाहिलं तर गाडी उभी असताना अधिक दोन टक्के आणि चढावर अधिक चौदा! उभ्या गाडीत ठीक आणि भार आला की पेट्रोलची मागणी वाढतेय, याचा अर्थ बहुतेक वेळा पेट्रोल पोचवणाऱ्या वाटेतच अडचण आहे. ते उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होतं. चोवीस कॉलमांच्या गर्दीत अठरावं.

दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. ग्राफ बघून ते हसले, पण गेज लावून पेट्रोलचा दाब मोजला. रेस केल्यावर तो पडत होता. टाकीतला पंप बाहेर काढला तर जाळी काळ्या चिखलाने भरलेली. जाळी, फिल्टर आणि मजुरी मिळून अठराशे रुपये. ईसीएम अजून तोच आहे.

हे सगळं मी कौतुकासाठी सांगत नाहीये (थोडं आहे). माझं म्हणणं आपल्या कॉलेजबद्दल आहे. प्रोजेक्टच्या परीक्षणाला पहिला प्रश्न कोणता येतो? “किती पॅरामीटर्स लॉग केले?” पंधरा म्हटलं तर मान हलत नाही, चाळीस म्हटलं की हलते. म्हणून आपणही चाळीस लावतो. बघू नंतर, डेटा तर आहे ना! आणि नंतर कधी येत नाही, सबमिशन येतं. मग चाळीसमधले जे चार ग्राफ सुंदर दिसतात ते रिपोर्टमध्ये जातात. प्रश्न आणि उत्तर यांची तिथे पहिल्यांदा भेट होते, तीही उलट क्रमाने. सर, मॅडम, राग मानू नका, पण हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. जर्नलचा निरीक्षण तक्ता आम्हाला आखून मिळतो. बारा कॉलम का, दहा का नाहीत, हे तीन वर्षांत मला कोणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

एका सीनिअरशी यावर मेसमध्ये जोरदार वाद झाला. त्याचं म्हणणं, मेमरी फुकट आहे, मग सगळं का नोंदवू नये? विमानाचा ब्लॅक बॉक्स बघ. त्याचा मुद्दा कच्चा नाही. सुरुवातीचे फ्लाइट रेकॉर्डर धातूच्या पट्टीवर ओरखडे काढून जेमतेम पाच गोष्टी नोंदवायचे: वेळ, उंची, वेग, दिशा आणि उभं त्वरण. त्या पुरेनात म्हणून आकडा वाढत गेला आणि १९९७ च्या अमेरिकन नियमाने नव्या विमानांसाठी तो अठ्ठ्याऐंशीवर नेला. अपघात आपला प्रश्न आधी सांगून येत नाही, तिथे भरपूर नोंदवणंच शहाणपणाचं. पण विमानात प्रत्येक गोष्ट किती वेळा नोंदवायची तेही ठरवलेलं असतं, एकाने दुसऱ्याची रांग अडवायची नाही अशी व्यवस्था असते. त्या अठ्ठ्याऐंशीमागे कोणीतरी बसून अठ्ठ्याऐंशी वेळा विचार केलाय. मी एक बटन दाबलं होतं. आणि आपल्या गाडीचा ईसीएमसुद्धा बिघाडाचा कोड नोंदवताना “फ्रीझ फ्रेम” म्हणून त्या क्षणाचा फोटो ठेवतो. त्यात आरपीएम, भार, तापमान, फ्युएल ट्रिम अशा मोजक्याच गोष्टी असतात. तिथेही कोणीतरी निवड केलेलीच आहे.

नव्या गाड्यांत के-लाईन नाही, कॅन आहे. वेग सेकंदाला पाच लाख बिट, आणि एका प्रश्नात सहा पीआयडी विचारता येतात. त्यामुळे आमच्याएवढी ओढाताण तुमची होणार नाही. पण तीन हजार आरपीएमला एका सिलिंडरमध्ये दर चाळीस मिलिसेकंदांनी स्फोट होतो. एखादा स्फोट चुकला तर तो या सॉकेटमधून तुम्हाला कॅनवरही दिसायचा नाही, तो क्रँकच्या सेन्सरवरून ईसीएमच मोजतो. खिडकी मोठी झाली म्हणून रांग संपत नाही. मी “सगळं” लावायच्या पूर्ण विरोधात नाही. पहिल्या दिवशी, गाडी काय काय सांगते ते कळायला, एकदा जरूर लावा. त्याच फाईलने मला फ्युएल ट्रिम दिला. फक्त तिला ओळखपरेड समजा आणि दुसऱ्या दिवशी यादी कापा.

माझी एक सूचना आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान असावं: आम्ही काय नोंदवलं नाही आणि का. परीक्षकांनी ते पान आधी वाचावं.

आणि काय नोंदवू नये याला दुसरीही एक बाजू आहे, ती मला फार उशिरा कळली. “सगळे निवडा” मध्ये जीपीएस पण होतं. बाबांना शुगर आहे. फाईल चाळताना आईच्या समोर नकाशा उघडला आणि शाळा सुटल्यावर गाडी रोज एका ठराविक ठिकाणी वीस मिनिटं उभी असते हे तिने पाहिलं. (अडॅप्टर मी चार दिवस खोचूनच ठेवलं होतं आणि माझा जुना फोन गाडीतच होता.) तिथे स्ट्रॉबेरी क्रीम मिळतं! घरात हसाहशी झाली. पण बाबा रात्री मला एकट्याला म्हणाले, “गाडी तपासायला दिली होती ना मी? मला नाही.” मला उत्तर सुचलं नाही. २०२२ पासून आपल्याकडे गाडी कशी आणि किती चालवता त्यावर विम्याचा हप्ता ठरवणाऱ्या योजनांना परवानगी आहे. तिथेही एक बटन असेल आणि आपण ते दाबू.

असो. झटका गेला. आई पुन्हा पुढच्या सीटवर बसते. बाबांची डायरी चालूच आहे, तीन कॉलम. अडॅप्टर आता हॉस्टेलवर आमच्या खोलीत आहे, कुणाला हवं असेल तर घेऊन जा. आमच्या रेक्टर मॅडमची गाडी एसी लावला की बंद पडते म्हणे. त्यांना एवढंच विचारलंय, सिग्नलला उभी असताना की चालताना? उत्तर आलं की कॉलम ठरवू.